अंगणातील फुलवाफ्यांसाठी खत: कुत्रा, शेळी, कोंबड्या असलेल्या घरी काय निवडावे?

घरासमोरच्या आणि कुंपणालगतच्या वाफ्यांत शेवंती, झेंडू, गुलाब असतात. त्यांना घालायचे खत आपण बहुधा शेतासाठी आणलेल्या पोत्यातूनच काढतो. अंगणातला वाफा मात्र शेतासारखा नसतो. तिथे कुत्रा उकरतो, कोंबड्या टिपतात, दावे सुटलेली शेळी तोंड घालते. त्यामुळे खतात नत्र किती आहे हे पाहतानाच ते जनावराच्या पोटात गेल्यास काय होईल, हेही पाहावे. ‘सेंद्रिय आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा समज तर आधी सोडा.

एरंडी पेंड कुत्र्यासाठी सर्वांत धोक्याची

एरंडीच्या बियांतून तेल काढल्यावर रिसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. झाडांना पेंड चांगली मानवते, पण कुत्र्याला तिचा वास आवडतो आणि तो ती खातो. त्यातच ती हाडांच्या चुऱ्यात मिसळलेली असेल तर वाफा उकरून काढतो. उलट्या, पोटदुखी, रक्तमिश्रित हगवण ही लक्षणे अनेकदा काही तासांनी दिसतात, तोवर घरच्यांना शंकाही येत नाही. या विषावर खास उतारा नाही. कुत्रा मोकळा असलेल्या घरी अंगणात एरंडी पेंड वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार ‘मिश्र सेंद्रिय खत’ घेतानाही पिशवीवर घटक वाचा. नुसते ‘मिश्र पेंड’ लिहिले असेल तर त्यात कोणती पेंड आहे ते दुकानदाराला विचारा.

हाडांचा चुरा विषारी नसतो. पण कुत्र्याने तो भरपूर खाल्ला तर पोटात त्याचा घट्ट गोळा होऊ शकतो.

युरिया: गाय, म्हैस, शेळीसाठी

युरियात ४६ टक्के नत्र असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जिवाणू त्यापासून झपाट्याने अमोनिया तयार करतात आणि तो रक्तात जातो. सवय नसलेल्या, उपाशी जनावराला थोडाही युरिया बाधतो: ३०० किलोच्या गायीला १५० ग्रॅमच्या आसपास, तर २५ किलोच्या शेळीला १०-१२ ग्रॅमही. वाफ्यावर विखुरलेल्या दाण्यांपेक्षा उघडे पोते आणि घमेल्यात विरघळवून ठेवलेले युरियाचे पाणी यांपासून जास्त धोका असतो. तहानलेले जनावर ते पाणी पिऊन टाकते. पोटफुगी, थरथर, तोंडाला फेस, तोल जाणे ही लक्षणे अर्ध्या तासातही दिसू शकतात.

फोरेटची जुनी पुडी

हुमणी किंवा वाळवीसाठी खतात फोरेटचे दाणे मिसळण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात शिल्लक पुडी असेल तर ती अंगणात मुळीच वापरू नका. डब्यावर लाल त्रिकोण असलेले कोणतेही कीडनाशक या वाफ्यांत नको.

मग घालायचे काय?

पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दर चौरस मीटरला दीड-दोन किलो. त्यासोबत निंबोळी पेंड १०० ग्रॅम. ती कडू असल्याने कुत्रे सहसा तोंड लावत नाहीत. खत वरवर न पसरता तीन-चार इंच मातीत मिसळा, लगेच पाणी द्या आणि वर पाला अंथरा. कंपोस्ट अर्धवट असेल, त्यात बुरशी आलेले शिळे अन्न दिसत असेल तर थांबा. अशी बुरशी खाऊन कुत्र्याला झटके येतात. दाणेदार रासायनिक खत द्यायचेच असेल तर झाडाभोवती चर काढून द्या, मातीने झाका, पाणी द्या आणि सांडलेले दाणे झाडून घ्या. कोंबड्या दोन-तीन दिवस तिकडे सोडू नका.

खताकडे लक्ष देताना कुंपणाला लावलेली कण्हेरही पाहा. तिची पाने खाऊन शेळ्या-गुरे दगावतात. घरी जनावरे असतील तर कण्हेरीऐवजी जास्वंद लावा.

जनावराने खत खाल्लेच तर

लक्षणांची वाट पाहू नका. पशुवैद्यकाला बोलवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. खताची पिशवी किंवा तिच्यावरील घटकांचा फोटो दाखवा. युरिया खाल्लेले जनावर उभे असेल आणि नीट गिळत असेल, तर डॉक्टर येईपर्यंत त्यांना फोनवर विचारून थंड पाण्यासोबत व्हिनेगर पाजता येते: गायीला दोन ते चार लिटर, शेळीला अर्धा लिटर. आडवे पडलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. कुत्र्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. त्या मिठानेच वेगळी बाधा होते.