कॅमेरा रिसेटच होत नाही? बटण दाबत बसण्याआधी हे तपासा

विहिरीवरची मोटार, कांद्याची चाळ, डाळिंबाची बाग, गोठा, किराणा दुकान, आणि मुलं नोकरीला बाहेरगावी असलेली घरं. गेल्या काही वर्षांत वाड्या-वस्त्यांवरही कॅमेरे लागले. लावताना कामाला एक तास पुरतो. पण राऊटर बदलला, वायफायचा पासवर्ड बदलला, मोबाईल हरवला किंवा कॅमेरा दुसऱ्या जागी हलवला की रिसेट करायची वेळ येते, आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. बटण दाबून बोट दुखतं, कॅमेरा मात्र ढिम्म. मग तालुक्याच्या दुकानात चक्कर होते आणि 'हा गेला, नवा घ्या' असं उत्तर मिळतं. खरं तर अशा बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये बिघाड नसतोच.

चोरी झाली असेल तर रिसेटला हातच लावू नका

ही गोष्ट सगळ्यात आधी. केबल चोरीला गेली, माल गेला आणि कॅमेरा मोबाईलवर दिसत नाही म्हणून घाईने रिसेट केला, असं करू नये. वायफाय कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डवर असतं. रिसेटने ते सहसा पुसलं जात नाही, पण नव्याने जोडताना ॲप 'कार्ड फॉरमॅट करा' म्हणून विचारतं आणि गडबडीत 'हो' दाबलं जातं. आधी कॅमेऱ्याचा सप्लाय बंद करा, कार्ड काढा, कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर कॉपी घ्या. काही कंपन्यांचे व्हिडिओ त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, म्हणून फाईल दिसली पण चालली नाही तरी पुसू नका.

डीव्हीआर असेल तर घाई आणखी. हार्डडिस्क भरली की तो जुनं पुसून नवं लिहीत जातो. रेकॉर्डिंग काढून घेईपर्यंत डीव्हीआर बंद ठेवलेला बरा. मूळ कार्ड किंवा डिस्क जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते पोलीस ठाण्यात तक्रार देतानाच विचारून घ्यावं.

रिस्टार्ट वेगळं, रिसेट वेगळं

पिन काढून परत लावणं म्हणजे रिस्टार्ट. त्याने जुना वायफाय, जुना पासवर्ड तसाच राहतो. रिसेट म्हणजे कॅमेरा कारखान्यातून आला तसा कोरा करणं, आणि ते बटणानेच होतं. हे बटण शोधणंही एक कामच आहे. गोल फिरणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यात ते बहुतेक वेळा भिंगाच्या खाली, मेमरी कार्डाच्या खाचेजवळ असतं. भिंगाचा गोळा हाताने हळूच वर केल्याशिवाय ते दिसतच नाही. बाहेर लावायच्या कॅमेऱ्यात दोन स्क्रूच्या झाकणाखाली रबरी बुचाआड असतं, तर काहींमध्ये मागून निघणाऱ्या वायरीच्या शेपटीवर असतं.

बारीक छिद्रातलं बटण असेल तर सिमकार्ड काढायची पिन वापरा. पण आधी छिद्राशेजारी काय लिहिलंय ते बघा. शेजारचं तसलंच छिद्र माईकचं असतं. त्यात टाचणी घातली की कॅमेरा रिसेट होत नाही, मुका मात्र होतो.

दाबायची पद्धतही आहे. कॅमेऱ्याला सप्लाय चालू पाहिजे. पिन लावल्यावर एक मिनिट थांबा, तो पूर्ण चालू होऊ द्या. मग बटण दाबून धरा. दाबून सोडायचं नाही, धरून ठेवायचं. कुठल्या कॅमेऱ्याला पाच सेकंद पुरतात, कुठल्याला पंधरा-वीस लागतात. आवाज येईपर्यंत किंवा दिव्याचा रंग, लुकलुक बदलेपर्यंत बोट काढू नका. टॅपोच्या घरगुती कॅमेऱ्यांत साधारण पाच सेकंदांनी लाल दिवा लुकलुकतो. हिकव्हिजनच्या बऱ्याच आयपी कॅमेऱ्यांत उलटा क्रम आहे: आधी सप्लाय बंद, बटण दाबून धरा, तसंच धरून सप्लाय चालू करा आणि पुढं दहा-पंधरा सेकंद सोडू नका. एका पद्धतीने झालं नाही तर दुसरी करून बघावी, नुकसान काही नाही. दिवा बदलला की लगेच पिन उपटायची नाही. आतलं पुसून परत चालू व्हायला दोन मिनिटं लागतात.

दोष बटणाचा नाही, विजेचा

ग्रामीण भागात हे कारण फार. ॲडाप्टरवर किती व्होल्ट, किती ॲम्पिअर लिहिलंय ते वाचा. घरगुती कॅमेरे बहुधा ५ व्होल्टचे, बाहेरचे १२ व्होल्टचे. मूळ ॲडाप्टर जळाल्यावर मोबाईलचा जुना चार्जर लावलेला असतो, किंवा कॅमेरा लांब न्यायचा म्हणून पाच मीटरची स्वस्त यूएसबी वायर जोडलेली असते. बारीक वायरीत व्होल्टेज गळतं. दिवा लागतो, पण कॅमेरा पूर्ण चालू होत नाही. अर्ध्यावर येऊन परत बंद पडतो. मग बटण कितीही दाबा.

याची एक खूण आहे. कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि अंधार पडला की सारखा बंद-चालू होतो. रात्री आतले इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो आणि कमजोर ॲडाप्टर तग धरत नाही. अशा वेळी कॅमेरा खाली उतरवा, घरात आणा, आखूड वायर आणि योग्य ॲडाप्टर लावून रिसेट करा. वरती शिडीवर उभं राहून हे काम करूच नये. एक मोठी चूक मात्र टाळा: राऊटरचा १२ व्होल्टचा गोल पिनचा ॲडाप्टर ५ व्होल्टच्या कॅमेऱ्यात बसतो. बसतो म्हणून लावला तर कॅमेरा जळतो.

मेमरी कार्डही काढून बघा. खराब कार्डामुळे कॅमेरा चालू होतानाच अडकतो. कार्ड काढलं, रिसेट केलं आणि झालं, असा अनुभव दुरुस्ती करणाऱ्यांना नेहमीचा. पावसाळ्यानंतर वायरीच्या जोडात हिरवट गंज आणि मुंग्यांची वारुळं सापडतात, तीही साफ करावीत.

रिसेट झालाय, पण जोडला जात नाही

'रिसेट होत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा कॅमेरा खरं तर रिसेट झालेला असतो. अडचण पुढच्या पायरीवर असते. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय पकडतात. नव्या फायबर राऊटरमध्ये २.४ आणि ५ असे दोन्ही एकाच नावाने चालतात. मोबाईल ५ वर जोडलेला असतो, कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्हीची नावं वेगळी करा किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा. सुरक्षा प्रकारात 'डब्ल्यूपीए ३' निवडलेला असेल तर जुन्या कॅमेऱ्यांना तोही चालत नाही, 'डब्ल्यूपीए २' ठेवा. वायफायचं नाव मराठीत किंवा चिन्हं टाकून ठेवलं असेल तर साधं इंग्रजी अक्षरांत करा. मोबाईलवर ॲपला लोकेशनची परवानगी लागते, ती नाकारलेली असली की ॲप नुसतं गोल गोल फिरत राहतं.

क्यूआर कोड दाखवायचा प्रकार असेल तर मोबाईलचा उजेड पूर्ण वाढवा, भिंगावरची धूळ फडक्याने पुसा आणि स्क्रीन एक वीतभर अंतरावरून हळूहळू मागे-पुढे करा.

राऊटरवरच संशय असेल तर सोपी परीक्षा आहे. घरातल्या एका मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करा आणि दुसऱ्या मोबाईलवरून कॅमेरा जोडा. जोडला गेला तर कॅमेरा धडधाकट आहे.

कॅमेरा तुमचा, खातं दुसऱ्याचं

ही भानगड सगळ्यात जास्त डोकं खाते. ॲपमध्ये 'हा कॅमेरा आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे' असा संदेश येतो. शंभर वेळा रिसेट केला तरी हा संदेश जात नाही, कारण ही नोंद कॅमेऱ्यात नसून कंपनीच्या सर्व्हरवर असते. ज्याच्या खात्यात कॅमेरा आहे त्याने ॲपमधून तो 'डिलीट' किंवा 'अनबाइंड' केला तरच सुटतो.

खातं कोणाचं? पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाचं असेल तर एका फोनवर काम होतं. जुना कॅमेरा विकत घेतला असेल तर आधीच्या मालकाला गाठावं लागेल. पण बऱ्याच घरांत कॅमेरा बसवणाऱ्याने जोडणी स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या खात्याने केलेली असते आणि घरच्यांना नुसतं 'शेअर' दिलेलं असतं. म्हणजे अंगणात कोण आलं, घरात कोण एकटं आहे, हे त्यालाही दिसू शकतं. त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, सोयीसाठी केलेलं असतं. तरी हे चालवून घेऊ नये. त्याला समोर बसवून त्याच्या खात्यातून कॅमेरा काढायला लावा आणि घरातल्या माणसाच्या नंबरावर जोडून घ्या. माणूस सापडत नसेल तर कॅमेऱ्यावरचा सीरियल नंबर, बॉक्सचा फोटो आणि बिल कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवावं. मालकी पटली की बऱ्याच कंपन्या नोंद काढतात. बिल नसेल तर इथंच अडतं.

डीव्हीआरचा पासवर्ड विसरला तर

चार-आठ कॅमेरे आणि एक डबा अशी व्यवस्था असेल तर भिंतीवरच्या साध्या कॅमेऱ्याला रिसेटच नसतो. पासवर्ड डीव्हीआरचा असतो. जुन्या डब्यांत आतला बटणासारखा सेल काढला की पासवर्ड जायचा, म्हणून अजूनही तोच उपाय सांगितला जातो. नव्यांत त्याने फक्त तारीख-वेळ बिघडते. सेल काढण्याऐवजी टीव्ही किंवा मॉनिटर जोडा आणि लॉगिनच्या पानावर 'पासवर्ड विसरलात' निवडा. तिथं एकतर सुरुवातीला दिलेले प्रश्न विचारले जातात किंवा क्यूआर कोड येतो. तो कंपनीच्या ॲपने स्कॅन केला की नोंदवलेल्या ईमेल-मोबाईलवर कोड मिळतो. पासवर्ड बदलल्याने डिस्कवरचं रेकॉर्डिंग जात नाही. 'कुठल्याही डीव्हीआरचा पासवर्ड तोडून देतो' म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवा.

शेतातला सोलर-सिमचा कॅमेरा

हा बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला असतो. झोपेत बटण दाबलं तर त्याला कळत नाही. आधी त्याच्यापुढं हात हलवून किंवा चालू-बंदच्या बटणाने जागा करा. ढगाळ आठवड्यानंतर बॅटरी उतरलेली असली तरी रिसेट अर्ध्यावर सुटतो, म्हणून घरी आणून चार्जरवर भरून घ्या. सोलर पॅनेलवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण पुसा. सिमचं डेटा रिचार्ज संपलेलं नाही ना, सिमला पिन-लॉक नाही ना, हे सिम मोबाईलमध्ये टाकून बघता येतं.

शेवटचा इलाज

वरचं सगळं करूनही दिवा एकाच रंगात अडकला असेल तर आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बिघडलेला असू शकतो. काही कंपन्या मेमरी कार्डवरून तो परत भरायची सोय देतात. फाईल कंपनीच्याच संकेतस्थळावरची आणि लेबलवरच्या मॉडेल-व्हर्जनशी तंतोतंत जुळणारी पाहिजे. दुसऱ्या मॉडेलची भरली तर कॅमेरा कायमचा जातो. लाईट जायच्या वेळेत हे काम करायचं नाही. बटण दाबताना 'टिक' असा स्पर्शच लागत नसेल तर बटण तुटलेलं आहे, ते बदलून मिळतं.

नवा घ्यायची वेळ आलीच, तर एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सरकारने सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. बीआयएस नोंदणीचा क्रमांक बॉक्सवर बघून घ्या. पक्कं बिल मागा आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत असताना दुकानदार टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.