पटाची जोडी

कापसाचे दोन वेचे घरात आले, तुरीच्या शेंगा वाळू लागल्या, की आमच्या बाभुळगावकडच्या गावांत पटाची बोलणी सुरू होत. धामणगाव रेल्वेच्या पुढे, तळेगाव दशासरला, कृषक सुधार मंडळाचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरायचा. तो जिल्हा अमरावती आणि आमचा यवतमाळ, पण बैलांना जिल्ह्याची शीव कुठली माहीत! माझे मोठेबाबा रात्रीच निघायचे. बंडीला वेगळी जोडी जुंपलेली, बंडीत सरकीची ढेप, कडबा, माणसांच्या भाकरी. आणि पटाची जोडी बंडीमागे मोकळी, दाव्याला धरून चालवत आणलेली. तिच्या खांद्यावर वाटेत जू ठेवायचं नाही, हा घरचा नियम होता.

मी लहान असताना या गोष्टी मोठेबाबांकडून आणि आजीकडून ऐकल्या. मोठेबाबा शर्यत सांगायचे आणि आजी गोठा सांगायची. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर लक्षात येतं की पटाचा खरा इतिहास आजीकडे होता.

आधी शर्यतीबद्दल. पुणे-जुन्नरकडे घाटातल्या चढावर बैलगाडा पळतो, तसा आपला पट नाही. इथे सपाट शेतात शेजारी शेजारी दोन दाणी आखतात. दोन्हींवर हलका, दोन चाकांचा छकडा, प्रत्येकाला एक जोडी आणि वर एक धुरकरी. झेंडी पडली की काही सेकंदांत सगळं आटोपतं. पूर्वी पुढे कोण गेलं ते डोळ्यांनी पाहत, त्यावरून भांडणंही होत. पुढे स्टॉपवॉच आलं, आणि आता घड्याळ सेकंदाचे शंभर तुकडे करून निकाल देतं. मोठेबाबांच्या मते धुरकऱ्याचं खरं काम जोडी दाणीत शिरण्याआधीच झालेलं असतं. डावा बैल बुजरा असेल तर उजव्याला किती ओढून धरायचं, हे त्याला महिनाभर आधी ठाऊक हवं. "छकड्यावर उभं रायनं काहीच नाही माय," ते मला सांगत, "बैलाच्या मनात काय हाय ते हाताले समजलं पायजे."

त्यांना एकदा बक्षिसात लोखंडी नांगर मिळाला होता. तो नांगर पुढच्या हंगामात त्या जिंकलेल्या जोडीनेच ओढला. आजच्या पटात आणि त्यांच्या पटात सगळ्यात मोठा फरक हाच आहे. तेव्हाची पटाची जोडी म्हणजे शेतातली जोडी. वखर, पेरणी, डवरणी, कापसाची बंडी हे सगळं करून ती माघात दाणीवर उभी राहायची. वर्धा-नागपूरकडचे गवळाऊ बैल त्यासाठी नावाजलेले. उंच, पांढरेशुभ्र, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान वेगाने नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असं मानतात. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे. आमच्याकडे गवळाऊ परवडणारे थोडे. बाकीचे गावरान गोऱ्ह्यांतूनच पळणारा निवडत, नाहीतर वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेतल्या बैलबाजारात नशीब अजमावत.

निवड आजी करायची. वासराच्या खुरांची ठेवण आणि छातीची रुंदी ती बघायची, आणि त्याहून जास्त ते माणसाच्या आवाजाला कान कसा देतं ते. गोऱ्हा तिच्या हातचं खाऊन वाढायचा. उडदाचं पीठ, ढेप, पोळ्याआधी खांदशेकणीला लावायचं लोणी आणि हळद, सगळं तिच्याकडे. पटाला मात्र ती कधी गेली नाही. बाईमाणसाने तिथे जायचं नाही, हे कुणी सांगायचीही गरज नव्हती. आता तळेगावच्या पटात बायका स्वतः कासरा धरतात, छकड्यावर उभ्या राहतात. ते बघायला आजी असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. मोठेबाबांनी ती कधी लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही. दाणीवर बैलांना टोचायची तुतारी चालायची. तिच्या टोकाला खिळा असे, आणि शर्यत संपल्यावर कितीतरी बैलांच्या पुठ्ठ्यांवर रक्त दिसे. शेपूट पिरगळणं तर सर्रास. पैजांची रक्कम वाढली तसा छळही वाढला. कुणी दारू पाजली, कुणी विजेचा झटका दिला. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. ज्यांनी या खेळाविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली त्यांना शेतकऱ्यांचे शत्रू म्हणण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे. मला ती मान्य नाही. त्यांनी दाखवलेलं रक्त खरं होतं.

पटाची मोडतोड टप्प्याटप्प्याने झाली. 11 जुलै 2011 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या पंगतीत आमचा बैल जाऊन बसला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केल्या. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने वाट काढायचा प्रयत्न केला, पण आठवडाभरात न्यायालयाने ती अधिसूचना रोखली. 2017 मध्ये महाराष्ट्राने स्वतःची कायदादुरुस्ती केली. बैलाला क्रूरपणे वागवलं तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद तिच्यात होती. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. गावात यातली एकेक बातमी उडतउडत यायची. यंदा सुटेल, पुढच्या साली सुटेल, म्हणत गोऱ्हे दाव्याला उभे राहिले.

पण पट केवळ न्यायालयाने मोडला, हे आमच्या भागापुरतं तरी अर्धंच खरं आहे. गोठा आधीच रिकामा होत होता. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर पळणारा बैल उभा राहत नाही. सालदार मिळेनासा झाला, ट्रॅक्टर तासावर मिळू लागला. 2015 पासून गोवंश हत्याबंदी लागू झाल्यावर थकलेला बैल विकायची वाटही बंद झाली, आणि कोरडवाहू कास्तकाराने नवा गोऱ्हा घेताना हात आखडता घेतला. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातले बैल आणि गोऱ्हे मिळून सुमारे 30 टक्क्यांनी घटले. मोठेबाबांनी आपली शेवटची जोडी याच काळात विकली. "पट बंद झाला तवा वाटलं, दोन वर्साची गोठ हाय," ते म्हणाले. "मंग वावरातलाबी बैल गेला. तो काही कोर्टानं नेला नाही."

त्याच सुमारास आमच्या घरात एका वेगळ्याच खेळाची चर्चा झाली. माझा भाचा तेव्हा गोव्यात शिकत होता. 2016 च्या जुलैमध्ये चेन्नईत आणि म्हापशाला बंद सभागृहात पाच-पाच खेळाडूंच्या फुटबॉलची, म्हणजे फुटसालची, व्यावसायिक लीग झाली. रोनाल्डिन्हो, रायन गिग्ज, पॉल स्कोल्स, या खेळातला ब्राझीलचा दादा फाल्काओ असे खेळाडू आले होते. मुंबईचा संघ जिंकला. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने मात्र या लीगला मान्यता दिली नव्हती. 2017 मध्ये दुसरा हंगाम झाला आणि मग लीग थांबली ती थांबलीच. भाचा हळहळला. मोठेबाबांनी त्याला एकच विचारलं, "हा खेळ कोन्या गावचे पोट्टे खेळत होते?"

प्रश्न साधा होता, पण खेळ कशावर उभा राहतो ते त्यात आलं. वरून आणलेल्या त्या लीगखाली गाव नव्हतं, शाळेतली पोरं नव्हती, दरवर्षी नवा खेळाडू देणारा गोठा नव्हता. फुटसालची पुढची वाट खालूनच सुरू झाली. 2021 मध्ये महासंघाने दिल्लीत क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि 2023 मध्ये भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्यात गाजलेली नावं नव्हती, तरी ती वाट मला जास्त भरवशाची वाटते.

आमचा पट सात वर्षं बंद राहूनही उठला, कारण काही घरांनी आशा नसताना गोऱ्हे वाढवले. आमच्या शेजारच्या घराने वाढवले. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अटींसह शर्यतींची परवानगी दिली, त्या संध्याकाळी त्या घरात पुरणाचा स्वयंपाक झाला. पुढच्याच पावसाळ्यात गुरांवर लम्पी रोग आला, बैलबाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि मग मात्र दाणी पुन्हा आखल्या गेल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, अंतराला 1000 मीटरची मर्यादा आहे, काठी आणि तुतारी चालत नाही. मोठेबाबांना हे नियम मनापासून पटले. धुरकऱ्याच्या हातातली तुतारी गेली म्हणजे त्याला आता बैल शिकवावा लागेल, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना पटलं नाही ते वेगळंच. परतलेल्या पटात लाखोंच्या किमतीच्या जोड्या टेम्पोतून उतरतात. त्या वखराला कधी लागलेल्या नसतात, त्यांच्या खुराकावर एका कास्तकाराच्या घरखर्चाइतका पैसा जातो. त्या सुंदर पळतात, त्यांना पाहायला मीही जाते. पण दोन-अडीच हेक्टर कोरडवाहू कसणाऱ्या माणसाची जोडी त्यांच्यासमोर उभीच राहू शकत नाही. म्हणून तो आता दाणीच्या कडेला उभा असतो, प्रेक्षक म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आधीच पुष्कळ प्रेक्षकपण आलं आहे.

काही पटांत गावच्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात. तो बहुतेक वेळा सकाळी, गर्दी जमण्याआधी उरकला जातो आणि बक्षीसही नावापुरतं असतं. पट भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना माझी विनंती आहे की हा गट दुपारी ठेवा, भर गर्दीत. शेतात राबणाऱ्या जोडीलाच त्यात उतरू द्या आणि बक्षिसाच्या रकमेतला मोठा वाटा तिकडे वळवा. बक्षीस म्हणून मोटारसायकल देण्यापेक्षा वर्षभराचा कडबा द्या, गवळाऊचा गोऱ्हा द्या. आणि ज्या घरात गोऱ्हा वाढला त्या घरातल्या बाईचं नाव धुरकऱ्याच्या नावाबरोबर भोंग्यावरून पुकारा.