उटणे, वाइप्स आणि प्रिझर्व्हेटिव्ह

नरक चतुर्दशीचे उटणे आपण बर दुबईच्या मीना बाजारातून आणतो, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी पुडी मागवतो. ती वर्षभर कपाटात पडून राहिली तरी बिघडत नाही, कारण ती कोरडी असते. जंतूंना वाढायला पाणी लागते. रसायनशास्त्र शिकवताना हे मी शेकडो वेळा सांगितले असेन, पण घरात त्याचा प्रत्यय आला तो २०१४ साली, नात आठ महिन्यांची असताना.

तिच्या लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ आले होते. मलम लावले की दोन दिवस बरे, मग पुन्हा तेच. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी ओल्या वाइप्सचे पाकीट मागितले आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका नावाखाली रेघ ओढली: मिथाइलआयसोथायझोलिनोन. सूनबाई रडवेली झाली. "बाबा, मी तर मुद्दाम 'पॅराबेन नाही' असे लिहिलेले घेतले होते." वाइप्स बंद केले, कापूस आणि कोमट पाणी सुरू केले. पंधरवड्यात कातडी साफ झाली.

चूक तिची नव्हती. पाकिटावरच्या त्या एका ओळीमागे दहा वर्षांचा इतिहास होता.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई खोबरेल लावी, डाळीचे पीठ सायीत त्याच वेळी कालवी आणि उरलेले टाकून देई. टिकवण्याचा प्रश्नच नव्हता. (जुने ते सगळे सोने नव्हे. त्याच बाई बाळाच्या नाकाकानांत तेलही सोडत, जे आता बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात.) लोशन, शाम्पू, वाइप्स आले तसे बाटलीत पाणी आले, आणि पाण्यामागोमाग प्रिझर्व्हेटिव्ह. ते नसेल तर उघडलेल्या बाटलीत सुडोमोनाससारखे जंतू वाढतात, आणि तान्ह्या बाळाला ते अधिक घातक.

पॅराबेन १९२० च्या दशकापासून वापरात आहेत. २००४ साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासून त्यांत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्ध होत नव्हते, निरोगी ऊतींशी तुलनाही नव्हती. पण भीती पसरली आणि कंपन्या पर्यायांकडे वळल्या. २००५ साली युरोपीय संघाने मिथाइलआयसोथायझोलिनोन एकटे वापरायला परवानगी दिली, दशलक्षात १०० भागांपर्यंत. पूर्वी ते एका जोडमिश्रणात असे आणि त्यात त्याचा वाटा दशलक्षात चार भागांहूनही कमी. म्हणजे पंचवीस पटींहून अधिक वाढ! ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवले. लावून न धुण्याच्या उत्पादनांतून युरोपने ते २०१७ साली हद्दपार केले.

पॅराबेनही अगदी निर्दोष सुटले नाहीत. डेन्मार्कने २०११ साली तीन वर्षांखालील मुलांच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनवर बंदी घातली. २०१४ च्या युरोपीय नियमाने ती लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या मलमांपुरती आणली, कारण तिथली कातडी झाकलेली, अनेकदा सोललेली असते आणि रसायन जास्त शोषते. हे मला पटते. भीतीपेक्षा मोजमाप बरे.

भारतातही २०१९ साली राजस्थानच्या औषध नियंत्रण विभागाने जॉन्सनच्या बेबी शाम्पूत फॉर्मल्डिहाइड असल्याचे म्हटले. कंपनीने ते नाकारले आणि पुढे सरकारी फेरतपासणीत ते आढळले नाही. पण व्हॉट्सॲपवर माझ्याकडे आली ती पहिलीच बातमी, आणि तीही चार वेळा.

दुबईत विकायचे प्रसाधन नगरपालिकेकडे नोंदवावे लागते. गावाहून आपल्या बॅगेत येणाऱ्या बाटल्या मात्र या चाळणीतून जात नाहीत.

नात आता पाकीट हातात आले की आधी उलटे करून मागची यादी वाचते. गेल्या दिवाळीत तिने उटण्याची पुडीही उलटली. "आजोबा, ह्यात काय काय आहे ते कुठे लिहिलंय?" मी चष्मा लावून शोधले. यादी नव्हती.