आयुष्याची दोरी आणि पोलादी दोर



एखादा मनुष्य अपघातातून वाचला, की आपण म्हणतो, 'आयुष्याची दोरी बळकट होती.' आयुष्यभर मराठी शिकवलेल्या मला हा वाक्प्रचार प्रिय आहे. परंतु त्यात एक पळवाटही आहे. दोरीचे बळ दैवावर सोपवले, की ती तपासण्याचे उत्तरदायित्व कोणावरच उरत नाही. रोपवेच्या इतिहासात या पळवाटेची किंमत अनेकांनी प्राणांनी मोजली आहे. म्हणून आज तो विषय मी निवडला.

पैनगंगेकाठच्या आपल्या भागाला हा विषय परका वाटेल. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या माहूरला आपण रेणुकेच्या दर्शनासाठी पायऱ्या चढत आलो. रायगडावर मात्र १९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवेने जाता येते. ज्या गडाचा कडा हिरकणी बाळाच्या ओढीने उतरली अशी आख्यायिका आहे, तेथे वृद्ध माणसेही आता काही मिनिटांत पोचतात. ही सोय मोलाचीच आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' योजना जाहीर झाली. तेव्हा असे मार्ग वाढणार हे उघड आहे.

या वाहनाचा प्राण म्हणजे तारांचा दोर. जर्मनीतील हार्झ पर्वताच्या खाणींत साखळ्या वारंवार तुटत. १८३४ मध्ये विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारा पिळून दोर केला. साखळीची एक कडी तुटली की सारेच कोसळते. दोराच्या तारा मात्र सहसा एकेक करून तुटतात. म्हणजे दोर आधी सूचना देतो. ती वाचणारा डोळा मात्र जागा हवा.

दोरानंतरची दुसरी राखण म्हणजे ब्रेक. काही रोपवेंत एक दोर डब्याचा भार पेलतो व दुसरा त्याला ओढतो. ओढदोर तुटला, तर डब्यावरील ब्रेक भारदोराला घट्ट पकडतो व डबा जागीच थांबतो. इटलीतील मोत्तारोने येथे २३ मे २०२१ रोजी शिखराजवळ ओढदोर तुटला. पण ब्रेक लागलाच नाही. तो वारंवार लागून सेवा खोळंबते, म्हणून लोखंडी चिमटा अडकवून निकामी केलेला होता. चौदा जण मरण पावले; वाचले ते केवळ पाच वर्षांचे एक बालक. त्याच देशात काव्हालेझे येथे ९ मार्च १९७६ रोजी एका दोराने दुसरा कापला आणि त्रेचाळीस माणसे गेली. तेथेही स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा बंद केलेली होती. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने तीच चूक घडली. दोन्ही ठिकाणी राखणदाराला माणसानेच झोपवले होते.

तिसरी राखण सुटकेच्या सिद्धतेची. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलातील परवाणू येथे ओढदोर तुटून प्रवासी दरीवर अडकले. मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो हेलिकॉप्टरमधून डब्यावर उतरले आणि अंधारामुळे मोहीम थांबली तेव्हा प्रवाशांसोबत रात्रभर डब्यातच राहिले. हवाई मोहिमेचे नेतृत्व करणारे फली होमी मेजर हे आपल्या सिकंदराबादचे. पुढे २००७ मध्ये ते वायुसेनाप्रमुख झाले. झारखंडातील देवघरजवळ त्रिकूट पर्वतावर १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीला, असाच प्रसंग ओढवला. सुटकेचे काम तिसऱ्या दिवसापर्यंत चालले. तिघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी दोघे सुटका होत असतानाच पडले. जवानांच्या शौर्यापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु शौर्याची गरज भासावी, हेच व्यवस्थेचे अपयश होय.

श्रोतेहो, वाटेत डबा थांबला की आपण त्रासतो, कर्मचाऱ्यांवर ओरडतो. पुष्कळदा ते थांबणे म्हणजे राखणदार जागा असल्याची खूण असते. वाऱ्यामुळे सेवा बंद, तपासणीसाठी सेवा बंद, अशी पाटी दिसली, तर तिचा राग धरू नये. मोत्तारोनेचा चिमटा एका कर्मचाऱ्याने अडकवला असेल. पण खोळंबा नको हा हट्ट यात्रेकरू, व्यवस्थापक आणि शासन या साऱ्यांचा असतो.

या शाळेतून अभियंते झाले, शिक्षक झाले, कारकून झाले. तपासणीच्या वहीवर सही करण्याची वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येते. न पाहता केलेली सही हाही एक चिमटाच असतो. आयुष्याची दोरी दैवाच्या हाती असेल. पोलादाचा दोर मात्र आपल्या हाती आहे.