काळ्या अक्षराखाली काय असतं?

मागच्या वर्षी आमच्या विभागाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी एक पुस्तिका तयार केली. सूचनांच्या चौकटी गडद केशरी, त्यावर बारीक काळा मजकूर. स्क्रीनवर झकास दिसत होतं. हजार प्रती छापून आल्या, आणि बघते तर प्रत्येक शिरोरेषेच्या वर केसाएवढी पांढरी रेघ, अनुस्वाराच्या कडेला पांढरी कोर. दोन ओळी वाचल्या की डोळे दुखायचे. छापखान्यातल्या काकांनी भिंगातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ताई, काळ्याला ओव्हरप्रिंट दिलंच नाहीत तुम्ही."

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी रंगीत छपाईच्या इतिहासावर पीएच.डी. करतेय, आणि ही चूक माझ्याच हातून! म्हणून आजचा लेख तिच्यावरच.

रंगीत पान सहसा चार शायांमध्ये छापतात: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. प्रत्येकीची प्लेट वेगळी. केशरी चौकटीवर काळं अक्षर आणायचे दोन मार्ग आहेत. एक, केशरी रंग सलग छापायचा आणि त्यावर काळं अक्षर चढवायचं. हे ओव्हरप्रिंट. दुसरा, केशरी रंगात अक्षराच्या आकाराची जागा कोरी सोडायची आणि त्यात काळं अक्षर बरोब्बर बसवायचं. हे नॉकआउट. पण कागद ओलाव्याने ताणतो, मशिनवर सरकतो. मिलिमीटरचा दहावा भाग जरी सरकला तरी कोरा कागद डोकावतो. माझ्या पुस्तिकेत हेच झालं होतं.

मग सगळेच रंग एकमेकांवर का चढवत नाहीत? कारण या रंगीत शाया पारदर्शक असतात. प्रत्येक शाई प्रकाशाचा आपापला हिस्सा शोषते. पिवळ्यावर सायन छापलात तर हिरवं मिळेल, सायन नाही. काळी शाई मात्र जवळजवळ सगळाच प्रकाश शोषते, त्यामुळे बारीक काळ्या अक्षराखाली कुठलाही रंग असला तरी अक्षर काळंच दिसतं.

पारदर्शकतेचा हा गुण याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ याने अठराव्या शतकातच कामाला लावला होता. न्यूटनचं 'ऑप्टिक्स' १७०४ मध्ये आलं. १७१९ मध्ये ल ब्लाँला आपल्या पद्धतीचं इंग्लंडमध्ये पेटंट मिळालं. निळ्या, पिवळ्या, लाल अशा तीन तांब्याच्या प्लेटा एकाच कागदावर एकापाठोपाठ छापून तो चित्रं बनवायचा. तिन्ही मिळून काळा होतो, हा त्याचा सिद्धांत. प्रत्यक्षात मात्र काळ्याची चौथी प्लेट त्यालाही कधीकधी घ्यावी लागली. त्याची लंडनमधली कंपनी बुडाली, पण कल्पना टिकली.

आता खिळ्यांच्या छपाईचा विचार करा. रंगीत पट्टा आधी छापायचा, मग काळ्या मजकुराचा फर्मा त्यावर. पट्ट्यातून प्रत्येक अक्षर कोरून काढणार कोण? पुढे फिल्मवरून प्लेटा बनू लागल्या तेव्हाही रंगात अक्षराची जागा सोडायची म्हणजे उलटी फिल्म करणं आणि ती जुळवणं हे जादा काम. थोडक्यात, ओव्हरप्रिंट आपोआप व्हायचं, नॉकआउट मुद्दाम करावं लागायचं.

हे गणित उलटं झालं १९८४ मध्ये आलेल्या 'पोस्टस्क्रिप्ट' या अडोबीच्या भाषेमुळे. पान कसं रंगवायचं हे ती प्रिंटरला सांगते, आणि तिच्या दृष्टीने रंग म्हणजे भिंतीला देतो तसला जाड ऑइलपेंट. वरचा थर खालच्याला पूर्ण झाकतो. १९८५ च्या अ‍ॅपल लेझररायटरवर एकच काळा टोनर होता, तिथे काहीच बिघडलं नाही. पण त्याच भाषेतून चार रंगांच्या प्लेटा निघू लागल्या, तेव्हा 'झाकलं' याचा अर्थ झाला 'खालून कापून काढलं'. शाईचा स्वभावच असलेलं ओव्हरप्रिंट आता वेगळी आज्ञा देऊन चालू करावं लागू लागलं. काही पेजमेकिंग सॉफ्टवेअर शंभर टक्के काळ्यासाठी ते आपणहून करतात. मी वापरलेलं करत नव्हतं, आणि मी तपासलं नाही.

तुम्ही काही छापायला देणार असाल तर तीन गोष्टी बघा. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना, आणि त्याला ओव्हरप्रिंट आहे ना. पांढऱ्या अक्षरांना चुकूनही ओव्हरप्रिंट देऊ नका. पांढरं म्हणजे शाईच नाही, त्यामुळे ती गायबच होतील. आणि मोठा काळा ठोकळा निम्मा रंगावर, निम्मा कोऱ्या कागदावर येत असेल तर सांभाळून, कारण काळी शाईही पूर्ण अपारदर्शक नसते; ठोकळ्यात दोन वेगळे काळे दिसतात.

पुस्तिका पुन्हा छापायला पैसे नव्हते. आम्ही तीच वाटली. प्रदर्शनात एक आजोबा चष्मा वर-खाली करत सूचना वाचायचा प्रयत्न करत होते. शेवटी मीच त्यांना वाचून दाखवल्या.