कर्नलची पारख

दारासुरम्‌च्या आम्हां मराठी घरांना क्रिकेटमध्ये बाजू घेणे नेहमीच अवघड जाते. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेल्यांचे आम्ही वंशज. माजघरात मराठी, अंगणात तमिळ. २००२-०३ व २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने तमिळनाडूस नमविले, तेव्हा आम्हांस आनंद झाला आणि तो शेजाऱ्यांपासून लपवावाही लागला. त्यामुळेच दिलीप वेंगसरकरांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

१९५६ साली राजापुरात जन्मलेल्या या फलंदाजाचे ११६ कसोटी सामने आणि लॉर्ड्सवरील तीन शतके सर्वश्रुत आहेत. अमेरिकेत बेसबॉलचे संघ पगारी पारखी ठेवतात. ते गावोगाव हिंडून होतकरू मुले हेरतात. आपल्याकडे असे काही नव्हते. मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून २००२ मध्ये नियामक मंडळाने गुणशोधाची शाखा काढली व वेंगसरकर तिचे अध्यक्ष झाले. जुने खेळाडू लहानसहान गावांतले सामने पाहून टिपणे पाठवीत. जमशेदपूरहून प्रकाश पोद्दार यांनी महेंद्रसिंग धोनीविषयी कळविले. वयाची अट एकोणीस, धोनी एकवीस वर्षांचा! वेंगसरकरांनी अट बाजूला ठेवली. नियमाहून डोळ्यांवर विश्वास ठेवणारा अधिकारी आपल्याकडे विरळाच.

२००६ मध्ये ते निवड समितीचे प्रमुख झाले. २००८ च्या श्रीलंका दौऱ्यासाठी त्यांनी एकोणीस वर्षांच्या विराट कोहलीचा आग्रह धरला. ऑस्ट्रेलियात त्याचे नाबाद शतक त्यांनी स्वतः पाहिले होते. मागे राहिला तो तमिळनाडूचा सुब्रमण्यम बद्रीनाथ, रणजीत वर्षानुवर्षे धावांच्या राशी घालणारा. त्याच वर्षी वेंगसरकरांचे पद गेले. ते या निवडीपायी गेले, असे त्यांनी २०१८ मध्ये सांगितले. ज्यांच्यावर रोख होता त्यांनी ते साफ नाकारले.

कोहलीने पुढे कसोटीत ९,२३० धावा केल्या, तेव्हा पारख अचूक होती. पण बद्रीनाथचा दोष तरी कोणता? आमच्या शेजाऱ्यांच्या या प्रश्नाला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. जायबंदी तेंडुलकरांच्या जागी तो त्याच दौऱ्यावर गेला खरा, पण कसोटीसाठी त्याला २०१० उजाडावे लागले. ती पहिली कसोटी नागपुरात झाली. समोर दक्षिण आफ्रिका. बद्रीनाथच्या धावा छप्पन्न. त्या दिवशी मात्र आमच्या घरांना आनंद लपवावा लागला नाही.