उंदीरमारीची पाने आणि माणसाचे रक्त

नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईलगतच्या कुंद्रत्तूर येथे घरात उंदरांसाठी विष ठेवल्यानंतर दोन लहान भावंडे दगावली. अशा घटनेनंतर रासायनिक विषाऐवजी वनस्पतिजन्य आमिष वापरावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वनस्पतींचा इतिहास मात्र तेवढा सौम्य नाही.

काजऱ्याच्या (तमिळमध्ये एट्टी) बियांत आढळणारे स्ट्रिक्निन 1818 मध्ये पेलेतिए आणि कावांतू यांनी वेगळे केले. उंदरांसाठी ते दीर्घकाळ वापरले गेले. माणसालाही त्याने काही मिनिटांतच आचके येतात आणि त्यावर नेमका उतारा नाही. भूमध्य सागराकाठचा तांबडा रानकांदा त्या मानाने बरा. तो खाल्ल्यास माणसाला उलटी होते; उंदराला उलटी करताच येत नाही, म्हणून तो मरतो.

तिसरी वाट रक्तातून जाते. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला ‘स्वीट क्लोव्हर’ चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. चाऱ्यातील कुमारिनपासून बुरशीने डायकुमेरॉल तयार केले होते. विस्कॉन्सिनमधील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने 1939 मध्ये ते वेगळे केले. त्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांचे औषध झाले! दोन्हीकडे ते एकाच विकराला अडवते, त्यामुळे ‘क’ नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचे चक्र थांबते. फरक केवळ मात्रेचा. उतारा म्हणून तेच जीवनसत्त्व उपयोगी पडते.

कोकणात कुंपणाला लावतात ती उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, याच कुळकथेतली. तिच्या पानांतही कुमारिन असते. मध्य अमेरिकेत तिची पाने वा साल धान्यात मिसळून आमिष करण्याची जुनी प्रथा आहे. परंतु ताज्या पानातले कुमारिन रक्त गोठणे फारसे थांबवत नाही; ते काम सूक्ष्मजीवांनी घडवलेले डायकुमेरॉल करते. ते किती तयार होईल, हे ओलावा, तापमान आणि आंबवण्याचा काळ यांवर अवलंबून असते. कारखान्यातल्या आमिषावर मात्रा छापलेली असते. घरी आंबवलेल्या भातावर ती नसते. अशा आमिषाचा धोका मोजताना डायकुमेरॉलचे प्रमाण प्रत्येक घाण्यात तपासावे लागते. शिवाय घरात रांगते मूल आहे का आणि कुणी आधीच वॉरफरिन घेत आहे का, हेही पाहावे लागते. कारण त्या रुग्णाच्या रक्तात अल्पशी भरही पुरेशी ठरू शकते.